झाडाचा दुष्काळ व त्याचा वाहक

समितीचा जमाखर्च, विहिरींचीं कामें व चारा-वाटप यांची हकीकत या पुस्तिकेंत अन्यत्र दिली आहे. प्रस्तुत प्रकरणांत आमच्या उदार दात्यांचें, बागाईतदारांचें व व्यापारी बंधूंचें लक्ष एका अगदीं क्षुद्र प्राण्याकडे वेधण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा प्राणी तांदुळाच्या दाण्याच्या निम्म्या लांबीचा एक किडा आहे. दुष्काळाच्या अहवालांत किड्यास जागा कशाला, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं आमच्याच हातून घडलेली एक चूक मोकळेपणानें नमूद करणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

गेल्या उन्हाळ्यांत एका बागाईतदारांचा अर्ज समितीकडे आला. संत्र्याचीं झाडें पिवळीं पडून शेंड्याकडून वाळत आहेत, विहिरीनें तळ गांठला आहे, तरी टँकरच्या पाण्यास साहाय्य व्हावें, अशी त्यांची मागणी होती. मागणी रास्त दिसली. मदत दिली गेली. पाणीही वेळेवर पोंचलें. परंतु पावसाळ्यानंतर पाहतों तों त्याच विहिरीवरचीं, त्याच जमिनींतलीं कित्येक झाडें नव्या पालवीनें भरलेलीं, आणि मधूनमधून उभीं असलेलीं कांहीं झाडें पाणी पिऊनही वाळतच चाललेलीं! जाणत्या मंडळींस बोलावून पानें तपासविलीं, तेव्हां उलगडा झाला कीं, या झाडांस पडलेला दुष्काळ पाण्याचा नव्हताच. तो निराळ्या जातीचा होता. दात्यांच्या पैशाचा कांहीं भाग आम्हीं अशा मुळांशीं ओतला होता कीं ज्यांस त्याचा उपयोग होणें शक्य नव्हतें. अशी चूक पुनः होऊं नये, म्हणून आम्हीं या विषयाचा जो अभ्यास केला त्याचें सार पुढें देत आहों.

झाडाच्या देहांत दोन वाटा असतात. एका वाटेनें मुळांनीं शोषलेलें पाणी पानांपर्यंत चढतें. तिला जलवाहिनी म्हणावें. दुसऱ्या वाटेनें पानांनीं उन्हांत तयार केलेलें अन्न साखरेच्या रूपानें फळांकडे व मुळांकडे उतरतें. ती अन्नवाहिनी होय. आम्हीं ज्या रोगाविषयीं लिहीत आहों, तो या दुसऱ्या वाटेचा रोग आहे. एक अतिसूक्ष्म जंतु अन्नवाहिनींत शिरून वाढतो. त्याच्या उपद्रवानें वाहिनींत चिकट द्रव्यें सांचून ती तुंबते. आणि पानांत पिष्ट सांठून राहिलें असतांही मुळें उपाशी मरतात. प्रांतांत धान्य असून वाहतुकीचा रस्ता तुटल्यामुळें गांव उपाशी राहावें, तशीच ही अवस्था आहे. मुळें खंगलीं म्हणजे तीं पाणीही नीट ओढूं शकत नाहींत, आणि मग झाड तहानेनें वाळल्यासारखें दिसूं लागतें. दुष्काळी वर्षांत पाहणाराची फसगत होते ती येथेंच.

या रोगास दक्षिण आफ्रिकेंतील शास्त्रज्ञांच्या परिभाषेवरून आपल्याकडे ‘ग्रीनिंग’ म्हणतात, कारण फळ पिकलें तरी त्याचें खालचें टोंक हिरवेंच राहतें. चीन देशांत त्यास ‘पिवळ्या फांदीचा रोग’ या अर्थाचें नांव आहे, व आज जगभर तेंच नांव रूढ झालें आहे. दोन्ही नांवें लक्षणांचीं साक्षीदार आहेत. तहानेलें झाड सर्वांगानें कोमेजतें, आणि बागेंतील एका उंचवट्यावरचीं झाडें सामान्यतः एकदमच कोमेजतात. ग्रीनिंगचें झाड मात्र आधीं एखाद्याच फांदीनें पिवळें पडतें, व त्याच्या दोन्ही बाजूंचीं झाडें हिरवींगार असूं शकतात. जस्त किंवा लोह यांच्या कमतरतेनें पान पिवळें होतें तेव्हां मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांस पिवळेपणा सारखा उमटतो. या रोगांत तो विषम असतो, म्हणजे शिरेच्या डाव्या अंगास एक ठिपका तर उजव्या अंगास दुसऱ्याच जागीं दुसरा. फळ लहान राहतें, एका बाजूस कलतें, मधला दांडा वांकडा होतो, बिया पोंचट निघतात व रस कडवट लागतो. पानांत सांठलेलें पिष्ट आयोडीनच्या द्रावणानें काळसर होतें. ही परीक्षा शेतावरही करतां येते. पण ती संशयास पुरेशी आहे, निकालास नाहीं; अखेरचा निकाल प्रयोगशाळेंत जंतूचें वंशद्रव्य ओळखूनच द्यावा लागतो.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, हा जंतु एका झाडांतून दुसऱ्या झाडांत जातो कसा? तो वाऱ्यानें उडत नाहीं, पावसानें वाहत नाहीं. रोगी झाडाचा डोळा घेऊन कलम भरल्यास तो नव्या रोपांत उतरतो, हें खरें. परंतु निरोगी रोपें लावलेल्या बागेंतही चारपांच वर्षांत रोग शिरतो, तेव्हां कोणी तरी वाहक असलाच पाहिजे. तो कोण, हें ठरवावें कसें?

आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळें या ठिकाणीं पुराव्याचा विचार आमच्या मनांत सहज आला. संत्र्याच्या एका फांदीवर मावा असतो, काळी माशी असते, पिठ्या ढेकूण, फुलकिडे, नागअळी, तुडतुडे, सर्व कांहीं असतें. घटनास्थळीं हजर असणें हा गुन्हा नव्हे. तसें असतें तर निम्मा बाजार तुरुंगांत गेला असता. बरें, किड्याच्या पोटांत जंतु सांपडला म्हणजे तरी आरोप सिद्ध झाला काय? तोही नाहीं. रोगी झाडाचा रस पिणाऱ्या कोणत्याही किड्याच्या पोटांत तो सांपडूं शकेल. परंतु पोटांत गेलेला जंतु तेथेंच मरत असेल किंवा विष्ठेवाटें पडून जात असेल, तर निरोगी झाडास त्यापासून भय नाहीं. चोरीचा माल जवळ सांपडला, तरी चोरी त्यानेंच केली हें स्वतंत्रपणें शाबीत करावें लागतें, तसेंच हें आहे.

खरा पुरावा प्रयोगाचा. प्रथम निरोगी झाडावर, बारीक जाळीच्या पिंजऱ्यांत, संशयित किड्याची स्वच्छ पैदास करावी. त्यांतील कांहीं किडे रोगी झाडावर सोडून त्यांस रस पिऊं द्यावा. नंतर ते उचलून बियांपासून वाढविलेल्या निरोगी रोपांवर ठेवावे. त्याच वेळीं दुसऱ्या रोपांवर, रोगी झाड कधीं न पाहिलेले तेच किडे ठेवावे. आणि तिसऱ्या रोपांवर कांहींच ठेवूं नये. मग महिनोगणती वाट पाहावी. पहिलींच रोपें आजारी पडलीं, दुसरीं व तिसरीं निरोगी राहिलीं, आणि आजारी रोपांत तोच जंतु आढळला, तरच किडा वाहक ठरला. तुलनेचीं रोपें नसलेला प्रयोग म्हणजे उलटतपासणी न झालेली साक्ष होय.

ही पद्धत नवी नाहीं. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां घाण, हवा, धान्य यांवर नाना तर्क चालले होते. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत उंदरावरील पिसूकडे बोट दाखविलें, पण बहुतेकांनीं तें मानलें नाहीं. पुढें १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत प्लेगच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळींनीं गिनी पिग पिंजऱ्यांत ठेवून प्रयोग केले. पिसूची उडी पोंचणार नाहीं अशा उंचीवर टांगलेले प्राणी वांचले, जमिनीलगत ठेवलेले मेले. आणि वाद मिटला. वनस्पतींच्या बाबतींत असाच पहिला पुरावा त्याहूनही जुना आहे. अमेरिकेंतील मर्टन वेट यांनीं १८९१ च्या सुमारास नासपतीच्या करपा-रोगाचा जंतु फुलांतील मधांत व मधमाशांच्या मुखांगांवर शोधून काढला, आणि फुलांस कीटक शिवूं दिले नाहींत तर तीं निरोगी राहतात हें दाखविलें. जंतुजन्य रोग कीटक पसरवितात हें वनस्पतींत प्रथम सिद्ध झालें तें या कामानें.

संत्र्याच्या खटल्यांतील आरोपीचें नांव डायफोरिना सिट्री. बागाईतदार त्यास ‘सायला’ म्हणतात. १९०८ सालीं कुवायामा या जपानी शास्त्रज्ञांनीं तैवानमधील नमुन्यांवरून त्याचें वर्णन केलें. १९२७ सालीं हुसेन व नाथ यांनीं पंजाबांतील सायलावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. किडा तेव्हांच ओळखीचा होता. तो कोणता रोग वाहतो हें मात्र ठाऊक नव्हतें. १९५६ सालीं चीनमधील लिन कुंग-शियांग यांनीं रोग कलमानें संक्रमित होतो हें दाखविलें. १९६५ सालीं दक्षिण आफ्रिकेंत मॅक्लीन व ओबरहोल्झर यांनीं तेथील निराळ्या जातीच्या सायलावर वाहकपणा सिद्ध केला. आणि १९६७ सालीं पुण्यांत काम करणाऱ्या कपूर, राव व विश्वनाथ या तिघांनीं आपल्या देशांतील ग्रीनिंगचा वाहक डायफोरिना सिट्री हाच होय, असा निकाल प्रयोगानें दिला. आपल्याच दख्खनच्या भूमींत झालेलें हें काम आपल्या बागाईतदारांस फारसें ठाऊक नसावें, ही खेदाची गोष्ट होय.

रोगाचें मूळ कारण तोंवर विषाणु आहे असाच समज होता. १९७० सालीं लाफ्लेश व बोवे या फ्रेंच संशोधकांस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें अन्नवाहिनींत जंतूंसारखे सजीव दिसले, व १९९४ सालीं वंशद्रव्यावरून त्यांची जात निश्चित झाली. हा जंतु वाहिनीबाहेर स्वतंत्रपणें वाढवून दाखविणें अत्यंत दुर्घट ठरल्यामुळें शास्त्रज्ञ त्याच्या नांवामागें ‘उमेदवार’ या अर्थाचा लॅटिन शब्द अद्याप लावतात.

सायला हा शेतावर कसा ओळखावा, तें आतां सांगतों. प्रौढ किडा तीन ते चार मिलिमीटर लांब, तपकिरी, पंखांवर डाग असलेला असतो. त्याची बसण्याची ढब हीच त्याची सर्वांत मोठी खूण. तो डोकें पानाला टेकवून मागचें अंग वर उचलून तिरपा बसतो, जणू पानांत कोणी काटा खोंचला आहे. धक्का लागतांच टुणकन् उडतो. मादी अंडीं घालते तीं केवळ कोंवळ्या नवतीवर, न उलगडलेल्या पानांच्या घडींत. तीं बदामाच्या आकाराचीं व पिवळसर-नारिंगी असतात. एक मादी आपल्या आयुष्यांत आठशेंपर्यंत अंडीं घालूं शकते. पिल्लें चपटीं, पिवळीं-नारिंगी, लाल डोळ्यांचीं असतात व पांच वेळां कात टाकतात. त्यांच्या अंगांतून पांढरे, मेणासारखे, कुरळे धागे लोंबतात. नवतीवर असे धागे दिसले कीं भिंग हातीं घ्यावें. दहापट मोठें दाखविणारें साधें भिंग पुरतें.

या पिल्लांकडेच विशेष लक्ष हवें. रोगी झाडावर वाढलेलें पिल्लूं जंतु सहज पोटांत घेतें, जंतु त्याच्या देहांत वाढतो, आणि तेंच पिल्लूं पंख फुटून उडालें म्हणजे आयुष्यभर रोग वाहत राहतें. झाडास लागण झाल्यावर लक्षणें दिसण्यास कित्येक महिने, कधीं वर्षेंही लागतात. परंतु तेवढ्या अवधींत त्या निरोगी दिसणाऱ्या झाडावरूनही सायला जंतु उचलूं शकतो. म्हणून पिवळें झाड दिसल्यावर जागें होणें म्हणजे चोर घर लुटून गेल्यावर कुलूप लावणें होय. आंबिया व मृग या दोन्ही बहारांच्या वेळीं नवती फुटते, तेव्हां दर आठवड्यास बागेंतून फिरावें. फांदीखालीं पांढरा कागद किंवा परात धरून काठीनें दोनतीन टोले मारावे. सायला असल्यास खालीं पडतो व मोजतां येतो. पिवळ्या चिकट पट्ट्या बांधल्या असतां प्रौढ किडे त्यांवर अडकतात.

निरपराध्यांविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मावा नवतीवरच असतो, पण तो मऊ अंगाचा, संथ, घोळक्यानें राहणारा. मागें दोन नळ्या असतात व शेंपूट उंचावून तो बसत नाहीं. तो ग्रीनिंग वाहत नाहीं; मात्र ट्रिस्टेझा हा संत्र्याचा विषाणुजन्य रोग माव्यानें पसरतो, म्हणजे त्याच्यावर खटला निराळा आहे. काळ्या माशीचीं काळीं पिल्लें पानाच्या खालच्या अंगास चिकटून असतात व त्यांच्या चिकट स्रावावर कोळशी चढते. ती झाड दुबळें करते, पण हा जंतु वाहत नाहीं. पान कुरतडणारी फुलपाखराची अळी अन्नवाहिनींत सोंड घालीत नाहीं, सबब तिजवर हा आरोप चालतच नाहीं. नागअळीचा प्रकार मौजेचा आहे. खैऱ्या हाही जंतुजन्यच रोग. तो मुख्यतः वाऱ्यापावसानें पसरतो. नागअळी त्याची वाहक नव्हे, पण तिनें पानांत कोरलेल्या वाटा त्या जंतूस आयतें दार उघडून देतात. वाहक वेगळा, दार उघडणारा वेगळा. दोघांचा बंदोबस्तही वेगळा.

ओळखीचा हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी म्हणेल. उपाय ओळखीवर अवलंबून आहे म्हणून. किडा न ओळखतां वाटेल तें औषध वाटेल तेव्हां फवारल्यास पैसा जातो आणि सायलाचे शत्रूही मरतात. सायलाच्या पिल्लांवर अंडीं घालणारी टॅमॅरिक्सिया नांवाची एक बारीक गांधीलमाशी आहे. तिचें प्रथम वर्णन १९२२ सालीं पंजाबांतील ल्यालपूरच्या नमुन्यांवरून झालें. पुढें १९७८ सालीं ती भारतांतून रेयूनियों बेटावर नेण्यांत आली व तेथें तिनें सायलास चांगलाच आळा घातला. आपल्या घरचा हा पहारेकरी आपणच मारावा, हें शहाणपण नव्हे.

दुर्लक्षाची किंमत किती पडते, हें अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानानें पाहिलें आहे. तेथें सायला १९९८ सालीं दिसला. रोग २००५ सालीं आढळला. २००३-०४ च्या हंगामांत त्या संस्थानांत संत्र्यांच्या सुमारें २४ कोटी २० लक्ष पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ सालीं त्या १ कोटी ८० लक्षांच्या आसपास उतरल्या. तुफानांचा व इतर कारणांचाही त्यांत भाग आहे, परंतु मुख्य आघात या रोगाचाच होता. किडा आला त्या वेळीं नुकसान थोडें दिसलें. रोग दिसला तेव्हां सात वर्षें निघून गेलीं होतीं. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या भागांतील ज्या कुटुंबांचा संसार संत्र्यावर चालतो, त्यांस दोन पावसांची तूट एकवेळ सोसेल. बागच गेली तर नवी बाग फळास येईपर्यंतचीं वर्षें सोसणार नाहींत. पावसाचा दुष्काळ मृगाबरोबर संपतो. हा दुष्काळ पावसानें संपत नाहीं.

लागलेल्या झाडास बरें करणारें खात्रीचें औषध आज नाहीं, हें स्पष्ट सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. उपाय आहेत ते तीन, व तिन्ही एकत्रच करावयाचे. एक, रोपें व कलमांचे डोळे जाळीबंद, तपासलेल्या रोपवाटिकेंतूनच घेणें. दोन, नवतीच्या वेळीं सायलाचा बंदोबस्त करणें. तीन, परीक्षेंत रोगी ठरलेलें झाड उपटून जाळणें. हें तिसरें काम कठीण आहे. बापानें लावलेलें, अजून चार फळें देणारें झाड तोडावयास हात धजत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु एका झाडावरची माया शेजाऱ्याच्या शंभर झाडांस भोंवते. सायला बांध ओळखीत नाहीं, सातबाराही वाचीत नाहीं.

म्हणून आमची सविनय विनंति अशी. बागाईतदारांनीं पाण्याच्या मदतीचा अर्ज करितांना झाडें एकसारखीं वाळत आहेत कीं मधूनमधून, हें लिहावें, व संशयित झाडाचीं पानें सोबत पाठवावीं. किडे सांपडल्यास ते तीव्र अल्कोहोलच्या लहान बाटलींत ठेवून गांव, तारीख व झाडाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावावी. ते नागपूरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेकडे किंवा जवळच्या कृषि विद्यापीठाकडे तपासणीस देतां येतील. कुंपणास लावलेली कुंती व परसांतील कढीपत्ता यांवरही सायला पोसला जातो, तरी तींही झाडें पाहावीं. व्यापारी बंधूंनीं फळांच्या पेट्यांत पाला भरूं नये, व बिनतपासलेल्या रोपांचे ट्रक एका तालुक्यांतून दुसऱ्या तालुक्यांत नेऊं नयेत. पानांबरोबर सायला फुकट प्रवास करतो. दात्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, विहिरीस दिलेला रुपया डोळ्यांस दिसतो, भिंगास व तपासणीस दिलेला दिसत नाहीं. तथापि कोणत्या झाडास पाणी द्यावें व कोणतें काढावें हें सांगणारा रुपया तोच आहे. ज्यांचीं झाडें काढावीं लागतील त्यांस निरोगी रोपें व मधल्या वर्षांचा आधार देणें, हें दुष्काळ-निवारणाचेंच काम आहे, असें आम्हीं मानतों.

गेल्या सालीं आम्हीं रोग न ओळखतां मदत दिली. यंदा आधीं ओळख, मग मदत, असा क्रम समितीनें ठरविला आहे. आपल्या द्रव्याचा विनियोग त्या क्रमानें होईल, एवढें अभिवचन देऊन हें प्रकरण पुरें करतों.